पहिलीच्या पोराला गुलाबाचं फूल, पाचवीच्या पोराला नुसती टीसी

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मी मानेवाडा भागात राहतो, स्कूल व्हॅन चालवतो, चौदा वर्षं होऊन गेली. पत्रबित्र लिहायची सवय नाही, मोबाईलमध्ये बोलून बोलून टाईप केलंय आणि पोरीनं वरवर तपासून दिलं, तरी चुकलंमाकलं सांभाळून घ्या. पेपरात दहावी-बारावीच्या निकालाला पानं भरभरून मिळतात, अकरावीच्या ऑनलाइन अ‍ॅडमिशनचा घोळ रोज येते, केजीच्या फॉर्मसाठी लाईन लावणाऱ्या मायबापांचे फोटो येतात, पण मधात एक जागा आहे तिच्यावर कोणी काही लिहीत नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहू, छापलं तर छापलं.

ती जागा म्हणजे चौथी संपून पाचवी लागते ती. आपल्याकडे जुनी पद्धत अशी की प्राथमिक शाळा चौथीपर्यंत आणि हायस्कूल पाचवी ते दहावी. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तो म्हणते पाचवी प्राथमिकमध्ये आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक. त्यानंतर २०२० चं नवीन धोरण आलं, त्यात अजून वेगळे कप्पे, तिसरी ते पाचवी एक, सहावी ते आठवी एक, नववी ते बारावी एक. कागदावर कप्पे बदलून राहिले पण नागपुरात आजही किती तरी शाळा चौथीलाच संपतात अन् पोराला दप्तर उचलून दुसऱ्या फाटकातून आत जावं लागते. कोणाची उडी चौथीनंतर, कोणाची सातवीनंतर, मनपाच्या काही शाळा आठवीपर्यंत आहेत तर तिथल्या पोरांची नववीला. उडी सगळ्यांनाच आहे, खाली गादी कोणाच्याच नाही.

सुरुवात बाटलीपासून करतो. माझ्या व्हॅनमध्ये पायापाशी भाजीचं एक जुनं कॅरेट ठेवलंय, पोरांच्या पाण्याच्या बाटल्या त्यात, कारण मांडीवर ठेवल्या की ब्रेक मारला का गडगडत पुढे येतात. दुपारी पोरं उतरवताना मी ते कॅरेट उचलून दारापाशी ठेवतो, रोजचं काम आहे, हाताला वजनाचा अंदाज असते. आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्राच्या आठ-पंधरा दिवस मागून उघडते, तोपर्यंत पहिला पाऊस पडून गेलेला असते आणि त्यानंतरचा नागपूरचा तो चिकट उकाडा तुम्हाला माहीतच आहे, अंगाला शर्ट चिकटते. अशात पोरांच्या बाटल्या दहा वाजताच रिकाम्या व्हायला पाहिजेत. पण दोन वर्षांआधी पहिल्याच हप्त्यात मला कॅरेट जड लागलं. वाटलं पोरांनी शाळेतून भरून आणलं असेल पाणी. झाकण उघडून पाहिलं तर सकाळचंच, एका बाटलीत आईनं टाकलेला सब्जा तसाच तळाशी फुगून बसलेला.

मग मी पाहायला लागलो कोणाच्या बाटल्या भरलेल्या येतात ते. पाचवीच्या. सातवी-आठवीच्या पोट्ट्यांच्या रिकाम्या, चौथीपर्यंतच्या पोरांच्या तर जातानाच रिकाम्या, फक्त जे यंदा नवीन हायस्कूलला गेले त्यांच्या भरलेल्या. विचारलं तर कोणी बोलेना. शेवटी एक पोट्टा, माझ्या बाजूला पुढे बसतो म्हणून दोन शब्द बोलतो, तो म्हणाला, काका, पाणी प्यायलं की जावं लागते न. कुठे जावं लागते? तर बाथरूमला. आता बाथरूम खालच्या मजल्यावर जिन्याच्या मागे, तिथे नववी-दहावीचे मोठे पोट्टे उभे असतात, ए छोटू ए छोटू करतात, दाराला आतून कडी नाही. तासात उठून विचारावं तर दर तासाला वेगळे सर, कोणते हो म्हणतात अन् कोणते ओरडतात हे अजून कळलं नाही. म्हणून त्यानं आपल्या अकलेनं उपाय काढला, पाणीच प्यायचं नाही. दहा वर्षांचं पोरगं, सकाळी सात ते साडेबारा, असं तीन हप्ते.

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, पोरांचं हे आहे तर पोरींचं काय असेल ते विचारलं का. मी काय विचारणार, तिनंच आमच्या पोरीला विचारलं. तिनं जे सांगितलं ते सगळं इथे लिहीत नाही, पण आजकाल दहा-अकराव्या वर्षीच पाळी आलेल्या पोरी असतात, आणि चौथीच्या बाईंना आईसारखं समजणाऱ्या पोरीला नव्या शाळेत हे कोणापाशी जाऊन बोलायचं हे पहिला महिना-दोन महिने तरी कळतच नाही. पोट दुखते म्हणून घरी राहते अन् हजेरीत गैरहजर लागते, बस.

आता यात कोणा सर-मॅडमचा दोष काढायला मी बसलो नाही. मी रोज फाटकावर उभा असतो, मला दिसते त्यांची धावपळ. बीएलओचं म्हणजे मतदार यादीचं काम त्यांनाच, इलेक्शन त्यांनाच, कोणता सर्व्हे आला की तोही त्यांनाच. कायद्यात प्राथमिकला साधारण तीस पोरांमागे एक शिक्षक आणि सहावी ते आठवीला पस्तीसमागे एक असं लिहिलंय, आमच्या पोरीच्या जुन्या शाळेत एका वर्गात बावीस पोरं होती, नव्या शाळेत एका तुकडीत चौसष्ट. चौसष्टातलं कोणतं पोरगं पाणी पीत नाही हे सरांना कसं कळावं? मला कळलं ते कॅरेट उचलतो म्हणून कळलं.

दुसरी गोष्ट जरा लांब आहे पण सगळ्या पत्राचा जीव तिच्यातच आहे, म्हणून सांगतो. माझ्याच गाडीतलं एक पोरगं, नाव लिहीत नाही, बोलताना अडखळते. एरवी नाही, पण उभं करून सगळ्यांसमोर वाच म्हटलं की पहिलाच शब्द तोंडात अडकते. प्राथमिक शाळेत चार वर्षं एकच बाई होत्या त्याला. त्यांना पक्कं माहीत होतं, त्या त्याला एकट्याला कधी उभं करत नव्हत्या, दोघा-तिघांना मिळून वाचायला लावायच्या, सोबतीनं वाचताना ते पोरगं झरझर वाचते. गणितात तर वर्गात पहिला-दुसरा. पाचवीत गेला, चौथ्या की पाचव्या दिवशी हिंदीच्या तासाला नवीन सरांनी सहज बोट दाखवलं, तू वाच. हा उभा राहिला. पहिला शब्द निघेना. मागून कोणी तरी हसलं. सर म्हणाले वाच बाबा, पाचवीत आला न तू? मग सगळा वर्ग हसला. यानं पुस्तक खाली ठेवलं अन् म्हणाला, मला वाचता येत नाही. तेवढं मात्र एका दमात बोलला. सरांनी खरंच समजलं की येत नाही, वहीच्या मागे नोंद केली असेल, वाचन कच्चं. दुसऱ्या दिवशी पोराला ताप. तिसऱ्या दिवशी आईनं ओढत व्हॅनपर्यंत आणलं तर दाराची दांडी धरून उभं राहिलं, चढेना.

मी त्याच्या जुन्या बाईंना ओळखतो, त्यांच्याच शाळेत माझी पोरगी होती. संध्याकाळी गेलो, सांगितलं. बाईंनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, अहो मी तर हे सगळं लिहून ठेवलंय. अन् खरंच लिहिलं होतं. शाळा व्यवस्थापन समितीत मी दोन वर्षं होतो, त्या समितीत कायद्यानं चारात तीन पालक लागतात आणि निम्म्या बायका, म्हणून तर माझ्यासारख्या व्हॅनवाल्यालाही खुर्ची मिळाली, चहा-बिस्कीट मिळालं आणि कपाटातले कागद पाहायला मिळाले. २०१० पासून आपल्याकडे ते सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं न, त्यात बाईंना प्रत्येक पोराच्या वर्णनात्मक नोंदी कराव्या लागतात. आम्ही समितीत त्याची मस्करी करायचो, काय बाई, सगळ्यांच्या नावापुढे 'आवडीने भाग घेतो' लिहून मोकळ्या होता का. काही बाई लिहितातही तसं, नाही म्हणत नाही. पण या बाईंनी खरं लिहिलं होतं, की एकट्याला मोठ्यानं वाचायला लावू नये, गटात वाचतो, तोंडी गणित उत्तम. ते रजिस्टर कुठे आहे? जुन्या शाळेच्या लोखंडी कपाटात. पोरगं कुठे? तीन किलोमीटरवर, दाराची दांडी धरून.

पोराबरोबर नव्या शाळेत जाते काय, तर टीसी. त्यावर नाव, आईचं नाव, जन्मतारीख अक्षरी आणि अंकी, जात, जन्मठिकाण, वर्तणूक चांगली, प्रगती चांगली, शाळा सोडण्याचं कारण. 'वर्तणूक चांगली' हे तर सगळ्यांच्याच टीसीवर असते, माझ्याही होतं, अन् मी काय होतो ते माझ्या मास्तरांना विचारा. वरून ऑनलाइनचं वेगळं, जुन्या शाळेनं सिस्टीममधून पोरगं सोडल्याशिवाय नव्या शाळेत त्याचं नाव चढत नाही, त्यासाठी दोन्ही शाळांचे लोक एकमेकांना फोन करतात, हो करतात, मी ऐकलंय, 'मॅडम आमचे एवढे विद्यार्थी रिक्वेस्टला पडले आहेत, तेवढे अप्रूव्ह करून द्या न'. म्हणजे फोन होऊ शकते! आधार नंबरसाठी होते, स्पेलिंगसाठी होते, पोरासाठी होत नाही. एवढंच माझं म्हणणं आहे संपादक साहेब, पोरगं जाते, त्याचा नंबर जाते, पण त्याच्याबद्दल चार वर्षांत एका बाईला जे समजलं ते जात नाही.

त्या दिवशी मीच पोस्टमन झालो. बाईंनी वहीचं पान फाडून चार ओळी लिहून दिल्या, खाली फोन नंबर, मी सकाळी शाळेच्या आत जाऊन सरांच्या हातात दिली चिठ्ठी. खोटं कशाला सांगू, जरा भीत भीतच दिली, व्हॅनवाल्यानं सरांना चिठ्ठी द्यायची म्हणजे. पण सर चांगले निघाले. तिथेच उभ्यानं वाचली, दोनदा वाचली, म्हणाले हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर. आता ते पोरगं सहावीत आहे. फार काही चमत्कार झाला नाही, अजूनही एकटं वाचत नाही, पण दांडी सोडून गाडीत बसते.

आता दुसरी बाजू पाहा, आपण हे करू शकत नाही अशातला भाग नाही. पहिलीत येणाऱ्या पोरांसाठी सरकारनं २०२२ पासून शाळा पूर्वतयारी मेळावे सुरू केले, 'पहिले पाऊल' म्हणून. मी स्वतः एका मेळाव्यात खुर्च्या लावल्यात. टेबलं मांडतात, पोराला उडी मारायला लावतात, रंग भरायला लावतात, वस्तू मोजायला सांगतात, काय जमते काय नाही ते एका कार्डावर लिहून आईच्या हातात देतात, सुट्टीत घरी काय काय करून घ्या ते सांगतात, शाळा उघडल्यावर परत एकदा मेळावा. अन् पहिल्या दिवशी प्रवेशोत्सव, गुलाबाचं फूल, ढोल, कुठे कुठे तर बैलबंडीतून मिरवणूक, साहेब लोक येतात, फोटो निघतात. चांगलंच आहे, मला त्याचा राग नाही. पण ज्या हायस्कूलला पहिलीच नाही, पाचवीपासूनच शाळा आहे, तिथे पाचवीचं पोरगं हेच नवीन पोरगं झालं की नाही? त्याला कोणी फूल दिलं? त्याला पहिल्या दिवशी मोठ्या ग्राउंडवर उन्हात उभं केलं, माईकवरून नावं वाचली, अ तुकडी इकडे, ब तुकडी तिकडे, चार वर्षं एका बाकावर बसलेल्या दोन मैत्रिणी दोन मजल्यांवर गेल्या आणि प्रवेशोत्सव संपला.

कोरोनाच्या वेळेसही आपण केलं होतं. २०२१ ला १ जुलैपासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यास दिला होता, मागच्या वर्गाचं राहिलेलं आधी पक्कं करा, मग पुढचं पुस्तक उघडा म्हणून. कसा झाला, किती पोरांपर्यंत पोचला ते सोडा, मोबाईलच नव्हते पोरांकडे, पण विचार तर बरोबर होता. सेतू काय फक्त महामारी आली तरच बांधायचा का?

आणि पाचवीत एकावेळी किती गोष्टी त्या पोरांच्या डोक्यावर येतात ते कोणी एका ठिकाणी मांडून पाहत नाही. चौथीपर्यंत सगळं एका बाईपाशी, इथे घंटा वाजली की सर बदलले. पेन्सिल सुटून पेन हातात येते, खोडरबर गेलं, चुकलं की गिचमिड आणि गिचमिड झाली की पुन्हा लिहा. मराठी शाळेत हिंदी विषय पाचवीपासून सुरू होते. आपले नागपूरचे पोट्टे गल्लीत हिंदी फाडून बोलतात, क्रिकेट खेळताना तर हिंदीशिवाय भांडणच होत नाही, पण लिहायला बसले की ऱ्हस्व-दीर्घाचे हाल, मराठीत शिकलेलं इथे उलटं. वेळापत्रक वाचता येत नाही म्हणून माझी पोरगी पहिले दहा दिवस सगळ्या विषयांच्या सगळ्या वह्या-पुस्तकं रोज नेत होती, दप्तर पोराच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या वर नको असा नियम आहे म्हणतात, मी एक दिवस गंमत म्हणून ओळखीच्या किराणावाल्याच्या काट्यावर ठेवलं तर साडेसात किलो, पोरगी सत्तावीस किलोची.

वेळेचं तर वेगळंच आहे, हे माझ्या धंद्यातलं म्हणून मला जास्त माहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं काढलं की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका, लहान पोरांची झोप पुरी होत नाही. एकदम बरोबर. पण ते चौथीपर्यंतच. म्हणजे एप्रिलपर्यंत जे पोरगं नऊची शाळा करत होतं ते जूनच्या शेवटी सात वाजता प्रार्थनेला उभं. मला त्याला सव्वासहाला घ्यावं लागते, म्हणजे ते साडेपाचला उठते. मधल्या दोन महिन्यांत त्याला झोप कमी लागायला लागली का? पहिल्या महिन्यात सकाळच्या फेरीत गाडीत आवाजच नसते, सगळे पाचवीचे काचेला डोकं टेकून. परतीच्या फेरीत पुन्हा झोप. एक-दोनदा तर घरासमोर उतरवायला उचलून न्यावं लागलं, आता दहा वर्षांचं पोरगं म्हणजे काय फुलासारखं असते का.

आणि याच वर्गावर परीक्षाही बसवली. २०२३ च्या डिसेंबरात निर्णय झाला, पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा, नापास झाला तर पुन्हा एक परीक्षा, त्यातही नाही जमलं तर त्याच वर्गात. ढकलगाडी बंद झाली याचा मला आनंदच आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण ज्या पोराची शाळा चौथीला संपते त्याच्यासाठी पहिल्यांदा नापास होऊ शकणारं वर्ष आणि पहिल्यांदा नवीन शाळेत गेलेलं वर्ष एकच पडते, हे कोणाच्या लक्षात आलं होतं का? आलं असेल तर मग त्याच्यासाठी काय केलं?

तुम्ही म्हणाल हा व्हॅनवाला एवढा कशाला कळवळून राहिला. तर सांगतो. मी आठवीपर्यंत घराजवळच्या शाळेत होतो, बरा होतो, भूगोल आवडायचा, नकाशे चांगले काढायचो. नववीला दुसऱ्या मोठ्या शाळेत घातलं. तिथे पहिल्या चाचणीत गणितात ३ मार्क पडले, शंभरापैकी नाही, वीसपैकी, पण तेव्हा ते सुद्धा कमीच होते. कोणाला विचारावं कळेना, जुन्या शाळेत जाऊन मास्तरांना विचारायची लाज वाटली. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत गेलोच नाही. घरून डबा घेऊन निघायचो अन् सक्करदऱ्याच्या तलावापाशी बसून राहायचो. दोन महिन्यांनी घरी कळलं, तोपर्यंत नाव कटलं. या दोन महिन्यांत ना नव्या शाळेतून कोणी घरी आलं, ना जुन्या शाळेला कळलं. पुढे १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी काढली, तेही लग्न झाल्यावर, बायकोनं मागे लागून. मिशन झिरो ड्रॉपआऊट म्हणून मध्यंतरी सरकारनं मोहीम केली, शाळेबाहेरची पोरं शोधायला घरोघर गेले. पोरगं बाहेर पडल्यावर शोधायला जाता, तर ते दारातून आत येताना त्याचा हात धरा न, सोपं पडेल. आठवीनंतर तर अजूनच कठीण, कारण हक्काचा कायदा चौदा वर्षांपर्यंत, खिचडी आठवीपर्यंत, फुकटची पुस्तकं आठवीपर्यंत, नववीच्या पहिल्या दिवशी हे सगळं एकदमच सुटते.

यात अडचण काय आहे ते समितीत असताना मला समजलं. जिल्हा परिषदेत प्राथमिकचे शिक्षणाधिकारी वेगळे, माध्यमिकचे वेगळे, मनपाचा शिक्षण विभाग तिसरा, खाजगी संस्थांचे अध्यक्ष-सचिव चौथे. प्रत्येकाचं आपापलं काम चालू आहे. चौथीच्या टीसीवर सही झाली की प्राथमिकचं काम संपलं, पाचवीच्या रजिस्टरमध्ये नाव आलं की माध्यमिकचं सुरू झालं, मधले दोन महिने उन्हाळ्याचे, तेवढं पोरगं कोणाच्याच हजेरीवर नाही.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात... थोडक्यात नाही होणार, पण सांगतो. पहिलं म्हणजे ती चिठ्ठी. टीसीसोबत एक पान, चौथीच्या बाईंच्या हातचं, चार-पाच ओळी पुरे, काय जमते, कशाची भीती वाटते, कोणासोबत खुलते, चष्मा-औषध काही आहे का, घरी कोण आहे. आईबापाला वाचून दाखवून त्यांची सही घ्या अन् पाचवीच्या वर्गशिक्षकांच्या हातात द्या, ऑफिसच्या फाईलीत नको, तिथे गेलं की गेलं. एक भीती मात्र मलाही आहे, की बाईंनी 'मठ्ठ आहे', 'आई भांडखोर आहे' असं लिहिलं तर ते पोरगं शाळेत पोचायच्या आधीच त्याच्या कपाळावर शिक्का बसेल. म्हणूनच सही आईबापाची पाहिजे. आणि मार्क त्यात नकोत, मार्क प्रगतीपत्रकात आहेतच.

दुसरं, एप्रिलमध्ये पेपर झाले की प्राथमिक शाळेत तसंही काही शिकवणं नसते, पोरं ड्रॉइंग काढत बसतात. त्यातली एक सकाळ चौथीच्या पोरांना जवळच्या हायस्कूलला न्या. मी फुकट नेईन माझ्या गाडीतून, दोन फेऱ्या मारीन, आणि माझ्यासारखे अजून दहा जण निघतील याची गॅरंटी देतो. तिथे सरांचं भाषण नको, हेडमास्तरांचं तर अजिबात नको. पाचवीतल्याच पोरांना सांगा की फिरवून आणा यांना. ती पोरं बरोबर दाखवतात, पाणी कुठे, कोणता नळ गळते, बाथरूम कुठे, कोणत्या जिन्यानं जायचं नाही, खिचडीच्या लाईनीत मोठे पोट्टे घुसतात तर काय करायचं. हे कोणत्याच जीआरमध्ये लिहिता येत नाही.

आमच्या वेळेस हे आपोआप व्हायचं. गल्लीतले सगळे एकाच हायस्कूलला जायचे, वरच्या वर्गातला एखादा दादा असायचा, त्याच्या मागे मागे गेलो की झालं. आता एका गल्लीतली दहा पोरं सहा शाळांत, कोणी सीबीएसईला, कोणी सेमी इंग्लिशला, कोणी मनपात. दादाच उरला नाही. मग शाळेनं द्यावा एक दादा-ताई, आठवीतला असो की सातवीतला, पोळ्यापर्यंत पुरे. तान्ह्या पोळ्याला माझ्या गाडीतले पाचवीवाले लाकडी नंदी सजवून मिरवायला लागले की मी समजतो की पोट्टे रुळले, त्याच्या आधी चाचणी घेऊ नका, तुकड्या पाडताना निदान एक ओळखीचं पोरगं तरी सोबत ठेवा, आणि वर्गशिक्षकांना पहिला महिना रोज दोन तास लागून द्या म्हणजे एक तरी तोंड पोरांना ओळखीचं वाटेल. सातच्या शाळेचं मी काय सांगू, तो मोठ्या लोकांचा विषय आहे, एकाच इमारतीत दोन शिफ्ट चालतात हे मलाही माहीत आहे, पण निदान जुलैपुरतं पाचवीला आठला बोलावता येते का पाहा. माझी एक फेरी वाढेल, चालेल.

बायको म्हणते, पोरं आपोआप शिकतात, एवढं काय त्यात. शिकतातच. दहातली आठ शिकतात. माझी पोरगी पण शिकली, आता मैत्रिणींसोबत मागच्या सीटवर एवढी खिदळते की मला हॉर्न ऐकू येत नाही. मी उरलेल्या दोघांबद्दल लिहून राहिलोय, त्यातला एक मी होतो.

शिक्षण विभागातल्या कोणी वाचलं तर बरंच, नाही तर आमच्या भागातल्या चौथीच्या बाईंनी आणि पाचवीच्या सरांनी वाचलं तरी भागते, कारण चिठ्ठी लिहायला आणि फोन करायला वरून ऑर्डर यावी लागत नाही. पत्र लांबलं, जागा कमी असेल तर काटछाट करा, माझी तलावावरची गोष्ट काढली तरी चालते. फक्त ते बाटलीचं राहू द्या.

आपला,
एक स्कूल व्हॅनवाला पालक,
मानेवाडा, नागपूर